लॉ सीईटीची रिपीटर बॅच: पैसे कुठे गेले आणि गुण कुठून आले

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, दुसऱ्यांदा देणार असाल तर रिपीटर बॅचच्या नादी लागू नका. टेस्ट सिरीज घ्या, इंग्रजी शिकवणारं एखादं माणूस शोधा आणि मागच्या वर्षीच्या स्वतःच्या पेपरची प्रिंट समोर ठेवा. बॅच, सिरीज आणि शिकवणी, तिन्हीवर मी पैसे घातलेत. त्यातला कुठला वसूल झाला आणि कुठला बुडीत खात्यात गेला, हे सांगायचा मला अधिकार आहे. तसंही वसुली हाच माझा धंदा.

कोल्हापुरात एका पतसंस्थेत मी वसुली विभाग बघते. वय चव्वेचाळीस, शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखले काढायचे, चेक परत आला की १३८ ची नोटीस पाठवायची, जामीनदारांचे पत्ते शोधायचे आणि तारखेला कोर्टात जाऊन बाकड्यावर बसायचं. संस्थेच्या वकिलांना फाईल मीच लावून द्यायची, मुद्दे मीच सांगायचे, आणि न्यायाधीशांसमोर उभे राहायचे ते. म्हटलं, आता आपणच उभं राहू. तीन वर्षांच्या एलएलबीला वयाची अट नाही. कुठल्याही शाखेची पदवी चालते, खुल्या वर्गाला तीत ४५ टक्के लागतात. पण घरबसल्या पत्राने केलेली कायद्याची पदवी बार कौन्सिल मानत नाही, आणि हजेरी ७० टक्के भरावी लागते. म्हणजे नोकरी सांभाळून शिकायचं तर कॉलेज गावातलंच हवं. संचालक मंडळाने लेखी परवानगी दिली तीसुद्धा ह्याच अटीवर.

२०२४ ला पहिल्यांदा सीईटी दिली. क्लास वगैरे काही नाही, मार्च अखेरची वसुली सांभाळत जमेल तसं वाचलं. पर्सेंटाइल ऐंशीच्या घरात आलं आणि कॅप राउंडमध्ये (राज्याच्या एकत्रित प्रवेशफेरीत) नाव लागलं ते थेट दुसऱ्या जिल्ह्यात. रोज पहाटेची एसटी धरून परत अकराला ऑफिस गाठणं जमण्यातलं नव्हतं. सीट सोडली. सीईटीचे गुण त्या वर्षापुरतेच चालतात, त्यामुळे पुन्हा फॉर्म, पुन्हा परीक्षा. ह्या खेपेला म्हटलं, रीतसर तयारी करू, आणि राजारामपुरीतल्या एका क्लासची 'रिपीटर बॅच' लावली. क्लासचं नाव लिहीत नाही. विचारूही नका. ह्याच गावात वकिली करायची आहे आणि सर स्वतः कोर्टात प्रॅक्टिस करतात.

फी १४,०००. नव्या मुलांना २८,०००, रिपीटरला निम्मी, असा हिशोब. बदल्यात शनिवार-रविवारची लेक्चर्स, ॲपवर रेकॉर्डिंग, नोट्सची चार पुस्तकं, सराव परीक्षा आणि 'वैयक्तिक मार्गदर्शन'.

आधी परीक्षेचा हिशोब बघू, कारण माझी सगळी तक्रार त्यातच आहे. २०२४ पर्यंत ह्या पेपरात १५० प्रश्न आणि १२० मिनिटं असायची. कायदा ३०, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी ४०, तर्क ३०, इंग्रजी ५०. २०२५ पासून प्रश्न १२० केले, वेळ तेवढाच ठेवला. आता कायदा २४, सामान्य ज्ञान ३२, तर्क २४ आणि इंग्रजी ४०. पूर्वी एका प्रश्नाला ४८ सेकंद मिळायचे, आता पूर्ण मिनिट मिळतं. पण विभागांचं प्रमाण जसंच्या तसं आहे: पाचवा हिस्सा कायदा, तिसरा हिस्सा इंग्रजी. म्हणजे परीक्षेचं नाव लॉ सीईटी असलं तरी १२० पैकी ९६ गुण कायद्याबाहेरचे आहेत. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या सीईटीत मात्र कायद्याला ३२ आणि इंग्रजीला २४ आहेत, गणिताचे ८ वेगळे. त्या मुलांचा तोल वेगळा, आमचा वेगळा. क्लासमध्ये दोन्ही गट एकाच बाकावर, एकाच फळ्यासमोर.

आणि फळ्यावर कायदा. शनिवारी कायदा, रविवारीही कायदा. उरलेल्या वेळात थोडं तर्क. इंग्रजी बॅच संपेपर्यंत आलंच नाही.

एकदा विचारलं मी, "सर, इंग्रजी कधी घेणार?"

"इंग्रजी काय ताई, ते ज्याचं त्यानं करायचं. ग्रॅज्युएट आहात तुम्ही."

माझ्या शेजारी राधानगरी तालुक्यातला एक मुलगा बसायचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.ए. इतिहास. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. ग्रॅज्युएट आम्ही दोघंही होतो.

पण न्याय करायचा तर पूर्ण करायला हवा. कायदा शिकवावा तर ह्या सरांनीच. नोट्स बाजूला ठेवून ते केस सांगायला लागले की वर्गात फोन काढायची कुणाची छाती व्हायची नाही. ग्लॉस्टरच्या शाळेची केस, इ.स. १४१०: गावात एकाची शाळा चालू होती, दुसऱ्या मास्तराने तिथेच नवी काढली, आणि पहिल्याला फी ४० पेन्सवरून १२ वर आणावी लागली. नुकसान खरंच झालं, पण त्याचा कुठला कायदेशीर हक्क मोडला नाही, म्हणून भरपाई नाही. हे सांगणं चालू असताना समोरच्या इमारतीवर नव्या लॉ क्लासचा फ्लेक्स चढवत होते. सरांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, "हेच. लिहून घ्या." लगेच त्याच्या उलटी, १७०३ ची ॲश्बी विरुद्ध व्हाइट: मतदाराला मत देऊ दिलं नाही, त्याचा उमेदवार तरीही निवडून आला, पैशाचं नुकसान शून्य, पण हक्क मोडला म्हणून भरपाई मिळाली. दोन्ही केस समोरासमोर ठेवल्यावर लॅटिन सूत्रं पाठ करावीच लागली नाहीत. माझ्याजवळच्या गाइडात ह्याच गोष्टीला दीड पान आहे आणि ते वाचून डोकं आणखी गरगरतं.

१९०३ ची मोहरी बीबी ऐकताना तर मजा आली. धर्मोदास घोष अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असताना त्याने २०,००० रुपयांचं गहाणखत करून दिलं, आणि प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं लंडनमधलं शेवटचं अपील न्यायालय) ठरवलं की अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल. सावकाराला पैसेही परत नाहीत. सगळा वर्ग धर्मोदासच्या बाजूने, मी एकटी सावकाराच्या. सर म्हणाले, "ताई, तुमच्या संस्थेत कर्ज देताना जन्मतारखेचा पुरावा का घेतात ते कळलं ना?" कळलं. वीस वर्षं घेतेय, त्याची मुळं कलकत्त्यात आहेत हे त्या दिवशी कळलं.

चेक न वटण्याचा भाग त्यांनी मलाच शिकवायला लावला. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवसांची मुदत, ती उलटली की एक महिन्यात फिर्याद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. फळ्यासमोर उभं राहून सांगितलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. फीत सवलत मात्र मिळाली नाही.

तेव्हा शिकवण्याला पाचपैकी साडेचार. आता बॅचकडे येऊ.

रिपीटर बॅच म्हणजे नव्या मुलांच्या बॅचमध्ये मागच्या बाकावर बसायची परवानगी, एवढंच. वेगळं काही नाही. वैयक्तिक मार्गदर्शन म्हणजे फोनवर "चाललंय ना ताई?" आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, मागच्या वर्षी गुण कुठे गेले हे कुणीच विचारलं नाही. सीईटीनंतर उत्तरतालिकेवरच्या आक्षेपांसाठी लॉगिन उघडतं, तेव्हा आपण काय टिचकी मारली होती आणि बरोबर उत्तर काय होतं हे प्रश्नागणिक दिसतं. आक्षेप घ्यायला पैसे पडतात, बघायला पडत नाहीत. मी तेव्हाच त्याची प्रिंट काढून स्पायरल करून ठेवली होती. सवयच आहे, थकबाकीदाराचा खातेउतारा घेतल्याशिवाय मी पायरी उतरत नाही. ती स्पायरल पहिल्या शनिवारी सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चाळली, "छान, जपून ठेवा" म्हणाले आणि परत दिली.

त्या उताऱ्यात काय होतं? कायदा ३० पैकी २३, सामान्य ज्ञान ४० पैकी २१, तर्क ३० पैकी १८, इंग्रजी ५० पैकी २२. एकूण ८४. नोकरीमुळे कायदा मला आधीच बरा येत होता, आणि क्लास मला पुन्हा तेच शिकवत होता. उत्तम शिकवत होता, हा भाग वेगळा.

रेकॉर्डिंगचं तर विचारूच नका. २०२४ आणि २०२५ च्या सीईटींच्या दरम्यान दोन गोष्टी बदलल्या. एक, पेपर १२० चा झाला. दोन, १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम आला. जुन्या संहितेत ५११ कलमं, नव्यात ३५८. खुनाची शिक्षा ३०२ मधून १०३ मध्ये गेली, फसवणूक ४२० मधून ३१८ मध्ये, चोरी ३७९ मधून ३०३ मध्ये, बदनामी ४९९ मधून ३५६ मध्ये. ॲपवरची लेक्चर्स ह्या सगळ्याच्या आधीची. त्यांत सर अजून ४२० वर विनोद करतात आणि "४८ सेकंद, लक्षात ठेवा" म्हणून बजावतात. रिपीटरने नेमकं हेच विसरायला हवं, आणि रिपीटरला निम्म्या फीत विकतात तेही नेमकं हेच. ओरड झाल्यावर जुन्या-नव्या कलमांचा तक्ता झेरॉक्स करून वाटला. तक्ता चांगला होता. पण नव्या संहितेत समाजसेवा ही नवी शिक्षा आली, राजद्रोहाचं १२४-अ जाऊन वेगळ्या शब्दांत १५२ आलं, हे आकड्यांच्या तक्त्यात कुठून दिसणार? ते मी इंडिया कोडच्या सरकारी संकेतस्थळावर मूळ कायदा वाचून रजिस्टरात उतरवलं. फुकट आहे, सगळे केंद्रीय कायदे तिथे मिळतात.

नोट्स पूर्ण इंग्रजीत. सीईटीचा पेपर मराठीतही असतो (इंग्रजीचा विभाग सोडून), आणि वर्गात गडहिंग्लज, राधानगरी, पन्हाळ्याकडची मुलं निम्म्याहून जास्त. त्यांच्यासाठी मराठीत एक पान नाही. मी त्यांना संविधानाची मराठी प्रत काढून दिली, तीही सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. कलम ३२ आणि २२६ मधला फरक, मालमत्तेचा हक्क ४४ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघून ३००-अ मध्ये कसा गेला, हे मराठीत वाचल्यावर त्या पोरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "काकू, हे तर कळतंय की!" मग काय, न कळायला आहे काय त्यात.

क्लासची सराव परीक्षा मोबाइलच्या ॲपवर. खरी परीक्षा संगणकावर. सराव अंगठ्याने आणि परीक्षा माउसने, हे गणित मला कधी जमलं नाही. वरून ॲपवर पेपर अजून १५० प्रश्नांचाच होता, आणि एका पेपरात तर चुकीच्या उत्तराला गुण कापले. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. कापणारा पेपर सोडवून सोडवून पोरांना प्रश्न सोडून द्यायची सवय लागते, आणि इथे एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे पदरचं नुकसान. बॅचला दोन तारे देते, तेही सरांच्या केसेसमुळे.

आता टेस्ट सिरीज. पुण्यातल्या एकांची ऑनलाइन, १,५०० रुपये. ब्राउझरवर चालते, म्हणून ऑफिस सुटल्यावर तिथल्याच संगणकावर बसायचे. माउस, टेबल, समोर घड्याळ. पेपर नव्या पद्धतीचा, १२० चाच. दोष आहेत. चालू घडामोडींचे प्रश्न पुढच्या पेपरांत फिरून फिरून येतात, म्हणून गुण उगीच वाढलेले दिसतात. स्पष्टीकरणं एकेका ओळीची. त्यांचं पर्सेंटाइल तर बघूच नका. खऱ्या सीईटीत ते तुमच्या सत्रातल्या सगळ्या परीक्षार्थींच्या तुलनेत काढतात, सत्रं वेगवेगळी असतात आणि पेपर कमीअधिक कठीण असतात म्हणून. सिरीजमध्ये मूठभर लोक, त्यात अर्धे अर्धवट सोडून उठणारे. पण विभागवार वेळेचा तक्ता मिळतो, आणि त्या एका तक्त्यासाठी मी पुन्हा १,५०० देईन. त्यात दिसलं की कायद्याचे २४ प्रश्न मी पंधरा मिनिटांत उरकते आणि इंग्रजीच्या एका उताऱ्यावर दहा मिनिटं झगडत बसते. साडेतीन तारे.

इंग्रजीसाठी मग कोल्हापुरातच मंगळवार पेठेत एक निवृत्त हायस्कूल शिक्षक शोधले. माझ्या भाचीने त्यांच्याकडेच दहावी काढलेली. महिना १,२०० रुपये, संध्याकाळी सात ते आठ, बैठकीच्या खोलीत फळा, आणि माझ्या बाजूला आठवीतली दोन मुलं. ह्या सरांना सीईटी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. स्पायरल मात्र त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापाशी पेन्सिलीने खूण केली आणि दुसऱ्या दिवशी मला यादी दिली. शब्दसंग्रह बरा, म्हणाले. चुका तीनच जातीच्या. पहिली शब्दयोगी अव्ययांची, 'इन' की 'ॲट' की 'ऑन'. दुसरी कर्ता आणि क्रियापदाची, 'वन ऑफ द क्लार्क्स' नंतर 'हॅज' की 'हॅव्ह'. आणि तिसरी उताऱ्याची.

"ताई, तुम्ही उताऱ्याशी भांडताय."

"म्हणजे?"

"लिहिणारा म्हणतो कर्जमाफी चांगली. प्रश्न आहे, लेखकाचं मत काय. तुम्ही उत्तर दिलंय स्वतःचं."

कर्जमाफीवर माझं मत काय आहे ते अख्ख्या शाहूपुरीला ठाऊक आहे. पण म्हणणं पटलं. त्यानंतर उत्तराखाली उताऱ्यातली ओळ पेन्सिलीने दाखवल्याशिवाय ते पुढे जाऊ द्यायचे नाहीत. पुस्तकं त्यांनी विकत घ्यायला लावली नाहीत. बालभारतीची सातवी ते दहावीची इंग्रजीची पाठ्यपुस्तकं, पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावरून. त्यातले व्याकरणाचे स्वाध्याय मी आणि ती आठवीतली मुलं एकत्र सोडवायचो, आणि बऱ्याचदा त्यांचं आधी व्हायचं. वाक्प्रचारांसाठी त्यांची पद्धत अशी: रोज थोडेच, पण प्रत्येकाचं वाक्य माझ्या ऑफिसातलं हवं. थकबाकीदारांवर इंग्रजीत वाक्यं करता करता मला ते सगळे वाक्प्रचार पाठ झाले.

ह्यांना तारे देत नाही. त्यांना कळलं तर कान धरतील.

सामान्य ज्ञानाचं थोडक्यात. क्लास दर महिन्याला जाडजूड पीडीएफ द्यायचा, त्यात कुठल्या तरी परदेशी निर्देशांकात कुठला देश कितवा हे सगळं. वाचवत नाही आणि लक्षात राहत नाही. मला उपयोगी पडली ती अभ्यासिकेतली एमपीएससीची पोरं. माझ्या लेकाचा मित्र तिथे बसतो. त्यांच्याकडे एका पानावर एक महिना मावतो. मराठीला अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४, सरन्यायाधीश चंद्रचूड १० नोव्हेंबरला निवृत्त आणि दुसऱ्या दिवशी संजीव खन्ना, डिसेंबरात गुकेश सिंगापुरात बुद्धिबळाचा जगज्जेता, अशा नोंदी. पॅरिस ऑलिम्पिकमधल्या स्वप्नील कुसाळेच्या कांस्यपदकाचा प्रकार क्लासच्या पीडीएफमध्ये नुसता 'नेमबाजी' असा होता. राधानगरीच्या त्या मुलाने जागच्या जागी दुरुस्त केलं: "५० मीटर रायफल थ्री पोझिशन. कांबळवाडी आमच्याच तालुक्यात येते, काकू." बाकी रोजचं वृत्तपत्र. ऑफिसात येतंच.

तर्काचं काही विशेष नाही. नातीगोती, सांकेतिक भाषा, विधान-निष्कर्ष. सराव केला की येतं, नाही केला की जातं.

परीक्षेचं केंद्र गावाबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात. घड्याळ बाहेर, पर्स बाहेर, रफ कामाला कागद आत मिळतो. मी आधी कायदा, मग इंग्रजी, मग तर्क आणि शेवटी सामान्य ज्ञान असा क्रम धरला, कारण सामान्य ज्ञान एक तर येतं नाही तर येत नाही, त्यावर विचार करून काही निघत नाही. न येणारे सगळे प्रश्न शेवटी भरून टाकले, कोरा एकही नाही. आजूबाजूला माझ्या लेकाच्या वयाची मुलं. पर्यवेक्षक बाईंनी मला आधी पालक समजून बाहेर बसायला सांगितलं होतं.

उत्तरतालिका आल्यावर पुन्हा उतारा काढला. कायदा २४ पैकी १९, सामान्य ज्ञान ३२ पैकी २२, तर्क २४ पैकी १६, इंग्रजी ४० पैकी ३१. एकूण १२० पैकी ८८. टक्क्यांत मांडा म्हणजे कळेल. कायदा ७७ वरून ७९ वर गेला. इंग्रजी ४४ वरून ७७ च्या पुढे. १४,००० ची बॅच जिथे शिकवत होती तिथे दोन टक्के वाढले, आणि १,२०० रुपये महिन्याचा फळा जिथे होता तिथे तेहेतीस. पर्सेंटाइल पंच्याण्णवच्या वर गेलं आणि कॅपमध्ये कोल्हापुरातलंच कॉलेज मिळालं.

राधानगरीच्या मुलालाही लागलं, सांगलीत. त्याला मी सुट्टीच्या दिवशी मंगळवार पेठेत ओढून न्यायचे, त्याच्याकडून इंग्रजीच्या सरांनी पैसे घेतले नाहीत.

आता १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, सहा जिल्ह्यांसाठी. चाळीस वर्षांहून जास्त भांडून मिळालेली गोष्ट, आणि पहिल्याच आठवड्यात राजारामपुरीत फ्लेक्स लागले: 'सर्किट बेंच आलं, वकील व्हा!' आमच्या क्लासची फीही वाढल्याचं ऐकते. पोरं-पोरी, नोकरी करणाऱ्या बायका, निवृत्त झालेले लोक मला फोन करून विचारतात, कुठली बॅच लावू. त्यांच्यासाठीच हे लिहिलं.

पहिल्यांदाच देणार असाल, बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग करून आला असाल आणि कायद्याचा गंधही नसेल, तर राजारामपुरीतल्या क्लासच्या सरांसमोर जरूर बसा, फक्त चालू लेक्चर्सची फी वेगळी मिळते का विचारा. मागच्या वर्षी तीन मुलांना तशी दिली होती, पण आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. रेकॉर्डिंग घेताना त्याची तारीख विचारा. १ जुलै २०२४ च्या आधीचं असेल तर फौजदारीचा भाग बघूच नका. पैसे हप्त्यात द्या आणि पावतीवर 'इंग्रजीसह' असं लिहून घ्या. पुण्याच्या टेस्ट सिरीजचं खातं प्रवेश संपले की बंद होतं, तेव्हा विभागवार वेळेच्या तक्त्यांचे स्क्रीनशॉट त्याआधीच काढून ठेवा. आणि आक्षेपांची खिडकी थोडेच दिवस उघडी असते. ऑफिसचा प्रिंटर चालू आहे ना, ते आधी बघा.